मायचे कान, माझा माइक

माझ्या मायनं आपले कान गेले असं ठरवून टाकलं, तेव्हा तिनं कुणालाच विचारलं नाही. डॉक्टरला नाही, आक्काला नाही, आणि मला तर नाहीच. तिच्या लेखी पुरावा मीच होतो. गावातल्या माणसांचं बोलणं तिला ऐकू यायचं, आक्काचा फोन ऐकू यायचा, एकट्या माझाच आवाज येत नव्हता. माझा फोन भारीतला, मी शिकलेला, शाळेत मास्तर. मग खोट माझ्या बाजूला कशी असेल? असेल तर तिच्याच कानात.

खोट माझ्याच फोनच्या माइकमध्ये होती. हे मला कळायला दसऱ्यापासून पार कडाक्याची थंडी पडेपर्यंतचा काळ गेला, आणि तोवर माय शाळेतलं काम सोडायला निघाली होती.

ते काम काय हे आधी सांगतो. माय माकणीच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. मी त्याच शाळेत पाटी घेऊन जात होतो तेव्हापासून. वडील लवकर गेले. रान होतं त्यातलं बरंचसं धरणाखाली गेलेलं, उरलं ते खडकाळ. सकाळी शाळेतली चूल आणि दुपारून कुणाच्या तरी रानात खुरपं, असं करून तिनं आक्काचं लग्न केलं आणि मला बी.एस्सी., बी.एड. केलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. आज मी पोरांना विज्ञान शिकवतो ते त्या खिचडीच्या पातेल्याच्या जिवावर, आणि हे मी वर्गातही सांगतो, मला त्याची लाज वाटत नाही. नोकरी लागल्यावर मी तिला म्हणालो होतो, आता बस कर. त्यावर ती म्हणाली होती, "तू तुझ्या शाळेत जातूस, म्या माझ्या शाळेत जाते. तुला कुणी म्हणतंय का घरी बस म्हणून?" मी परत तो विषय काढला नाही.

माझी शाळा परंड्याला. परंडा जिल्ह्याच्या या टोकाला, माकणी त्या टोकाला. मध्ये बार्शी, धाराशिव, मग लोहाऱ्याची गाडी, आणि गाडी मिळाली तर पुढचं. सुट्टी असल्याशिवाय जाणं होत नाही. त्यामुळं आमची रोजची भेट म्हणजे फोन. मी शाळेतून येऊन चहा टाकतो, तेव्हा ती रानातून येऊन हातपाय धुऊन ओट्यावर बसलेली असते. त्या वेळेला मी फोन लावतो. वर्षानुवर्षं असंच चाललेलं.

दसऱ्यानंतर तिचं बोलणं बदललं. आधी ती गावाची सगळी खबर द्यायची. कुणाची शेळी व्याली, कुणाची सून माहेराहून आली नाही, शाळेच्या डाळीत आज किती खडे निघाले. आता नुसतं "हां". मी काही विचारलं की "हां". काही सांगितलं की "हां, बरं." आणि मध्येच, कशाचा कशाला संबंध नसताना, "जेवलास का?"

एकदा मी तापानं फणफणलो होतो. म्हटलं, "माय, मला ताप आलाय. शाळेत गेलो नाही."

"लई बरं झालं बाबा," माय म्हणाली. "असंच र्‍हाऊ दे."

मी फोन ठेवून दिला. आजारी माणसाला राग लवकर येतो. पण तिला ऐकू गेलेलं नाही एवढं माझ्या तेव्हाच लक्षात आलं. ऐकू न आल्यावर "ऐकू येईना" असं का म्हणत नाही ही बाई? हे मात्र फार उशिरा समजलं. लेकानं दिवसभर शाळेत घसा फोडून परत आपल्यासाठी आणखी एकदा सांगायचं, हे तिला नको होतं.

मी विज्ञानाचा मास्तर. बिघाड शोधायचा तर एकेक शक्यता काढत जायची, हे मी पोरांना शिकवतो. मी शक्यता काढायला बसलो, आणि सगळ्या माकणीच्या बाजूच्याच काढल्या. कारण साधं होतं. मला तिचा आवाज खणखणीत यायचा. मागं कोंबडी ओरडली तरी कळायचं. माझ्या फोनमधून एवढं स्वच्छ ऐकू येतंय म्हणजे माझा फोन ठणठणीत, असं मी धरून चाललो. ऐकू येण्याचं भोक वेगळं आणि बोलण्याचं वेगळं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते माझ्या फोनला लागू आहे असं मनातच आलं नाही.

पहिला संशय टॉवरवर. मी तिला म्हटलं, ओट्यावर बसू नको, माळवदावर जाऊन बोल. ती शिडी चढून वर जाऊन बोलायला लागली. तिथून माझ्या कानात वारा यायला लागला, तिला काहीच आलं नाही. मग सिमकार्डावर संशय. शेजारच्या काकूंच्या पुतण्याला सांगून तिचं सिम दुसऱ्या कंपनीचं करून घेतलं. त्यात तिचे सगळे नंबर गेले, आणि बेंबळीहून, सासरहून, आक्काचा मला फोन आला.

आक्काबद्दल एक सांगायला हवं. तिला फोनची गरज नाही. तिनं बेंबळीच्या चावडीवर उभं राहून हाक मारली तर माकणीला ऐकू जाईल, असं आमच्यात म्हणतात. आमच्याकडं फोनवर सगळेच वरडून बोलतात. माणूस लांब आहे म्हटल्यावर आवाज मोठा नको का? मीही तसाच बोलायचो. धाराशिवला कॉलेजला वसतिगृहात राहायला गेलो तेव्हा खोलीतली पोरं हसायची, "आरं, फोन ठेव, तसंच बोल, गावाकडं जातंय." तिथं मी हळू बोलायला शिकलो. हळू बोलतो तो शिकलेला, हे तेव्हा डोक्यात बसलं ते बसलंच.

"मास्तर," आक्का म्हणाली, ती मला तसंच चिडवते, "कसलं सिम बदललंस तिचं? माझा नंबरच उडाला की तिच्या फोनातनं. म्या फोन केला तर 'कोण बोलायलं, कोण बोलायलं' म्हणती."

"तुझा आवाज येतो का तिला?"

"न येऊन जातूय कुठं?"

इथंच मला कळायला हवं होतं. आक्काचा येतो आणि माझा येत नाही, तर फरक कुणात आहे? पण मी मनाशी म्हणालो, आक्का वरडते म्हणून जातो. ते अर्धं खरंही होतं, आणि अर्धं खरं माणसाला फार दिवस फिरवतं.

दिवाळीला घरी गेलो. चार भिंतींत समोरासमोर तिला सगळं ऐकू येत होतं. मग तर माझी खात्रीच झाली की तिचा फोन गेलाय. मी लोहाऱ्याहून नवा फोन आणला, आकडे मोठे दिसणारा. तो तिनं हातात घेतला. माझ्याकडं, खरं म्हणजे माझ्या तोंडाकडं, बघत राहिली. आवडला नसेल असं मला वाटलं. त्या दिवाळीत ती माझ्या तोंडाकडंच जास्त बघत होती. ओठांवरून शब्द धरायची सवय करत होती, हे तिनं नंतर सांगितलं.

परंड्याला परत येऊन नव्या फोनवर फोन लावला.

"ऐकू येतंय का आता?"

"हां."

"नीट येतंय ना?"

"जेवलास का?"

मी त्या दिवशी चिडलो. म्हटलं, टॉवर बदलला, सिम बदललं, फोन बदलला, आता काय गाव बदलू? तेही तिला ऐकू गेलं नसणार. कारण ती म्हणाली, "हां, बरं. ठिवते."

मार्गशीर्षात आक्काचा पुन्हा फोन आला. या वेळेला मास्तर म्हणाली नाही.

"मायनं काम सोडलंय."

"कुठलं काम?"

"कुठलं म्हंजे? शाळेतलं. मोठ्या सरांला सांगून आली. संक्रांतीपर्यंत येते म्हणली, मग दुसरी बाई बघा."

"का पण?"

"कान गेलेत म्हणती. तुझं एक अक्षर ऐकू येत न्हाय म्हणती." मग आक्काचा आवाज पहिल्यांदाच माझ्या ऐकण्यात खाली आला. "परवा तिच्या हातात गरम पातेलं होतं अन् मागनं पोरं पळत गेली. काय झालं न्हाय. पण तिनं लई मनावर घेतलंय. उद्या मागनं लेकरू आलं अन् मला कळलंच न्हाय तर, म्हणती. एखाद्याच्या अंगावर सांडलं तर तोंड कसं दाखवू, म्हणती. तिला कळलं हुतं रे पोरं आलेली, ती बाजूला सरकली की. पण आता ती कशावर इस्वास ठेवंना झालीय."

मी लगेच मायला फोन लावला. आयुष्यात इतका निरर्थक फोन मी केलेला नाही. मी म्हणत होतो, माय, काम सोडू नकोस, आपण धाराशिवला जाऊन कान तपासू. ती म्हणत होती, थंडी लई हाय, स्वेटर घालत जा. मी म्हणत होतो, डॉक्टरला दाखवू. ती म्हणाली, तिळाचं आता बघते. मी शेवटी ओरडलो, तेव्हा ती थांबली. म्हणाली, "बाबा, तुझं मला कायबी येत न्हाय. म्हातारपण आलं. तू मनाला लावून घेऊ नको." आणि फोन ठेवला.

ज्या पातेल्यावर आम्ही दोघं भावंडं वाढलो ते ती सोडणार होती, कारण तिला माझा आवाज येत नव्हता. आणि माझ्या हातात त्यावर काहीच नव्हतं.

पुढं जे झालं ते शाळेतच झालं. पोरांची चाचणी पुढं ढकलली होती. मी वर्गाच्या ग्रुपवर लिहिण्याऐवजी बोलून निरोप टाकला. थोड्या वेळानं शिक्षकांच्या खोलीत मराठीच्या बाई हसत हसत आल्या.

"सर, हे काय पाठवलंत? पोरं माझ्याकडं आलीत अर्थ विचारायला."

"का? चाचणी पुढं गेली एवढंच आहे."

"ऐका तरी."

बाईंनी त्यांच्या फोनवर निरोप लावला. कुणीतरी गोधडीत तोंड खुपसून, वर आणखी एक पोतं टाकून बोलत होतं. मध्ये मध्ये "चा" ऐकू येत होतं. ते मी होतो. मी तो परत लावायला लावला. परत एकदा. बाईंचं हसणं थांबलं.

"सर, बरं आहे ना?"

मी हो म्हणालो. पण बरं नव्हतं. माय रोज कानाला लावून ऐकायची ते हे होतं. आणि या आवाजाला ती "हां, बरं" म्हणत होती.

मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत जाऊन दार लावून घेतलं. आता मात्र शक्यता नीट काढल्या. फोनमध्ये नुसता आवाज रेकॉर्ड केला, गोधडीतला आला. व्हिडिओ काढून बोललो, एकदम स्वच्छ आला. बाईंना फोन करून स्पीकर चालू करून बोललो. त्या म्हणाल्या, "आता नीट येतोय, असंच बोला." स्पीकर बंद केला की पुन्हा पोतं. म्हणजे फोनला एकापेक्षा जास्त माइक आहेत, वरचा चांगला आहे, आणि तोंडाजवळ धरून आपण ज्यात बोलतो तो खालचा मेलाय. एवढं समजायला एक मधली सुट्टी पुरली. मी माळवदावर चढवलं होतं कुणाला?

फोनचं कव्हर काढलं. खालच्या कडेला, चार्जरच्या भोकाशेजारी, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. ते दिसेना. भिंग आणलं. भिंगाखाली छिद्राच्या जागी एक पक्का बसलेला थर होता, पिवळा, त्यावर लाल. हळद आणि कुंकू.

मला तो दिवस आठवला. खंडेनवमीला आमच्या घरी खुरपं, विळा, कुऱ्हाड, आक्काची इथंच राहिलेली जुनी शिलाई मशीन, सगळं धुऊन पाटावर मांडतात. माय दरवर्षी म्हणते, तुझंबी हत्यार ठेव. मी पेन आणि विज्ञानाचं पुस्तक ठेवतो. या वर्षी तिनं फोनही ठेवायला लावला, नवा होता आणि मी त्यावरच पोरांचे तास घेतो असं मी तिला सांगितलं होतं. सगळ्यांना ओलं हळदकुंकू लावत ती फोनपाशी आली आणि थांबली. काचेवर लावलं तर डाग पडेल, भारीची वस्तू खराब होईल. म्हणून तिनं फोन उचलला, खालची बारीक कड शोधली आणि तिथं, काचेला जराही लागू न देता, अंगठ्यानं हळद आणि त्यावर कुंकू दाबून लावलं. मी कौतुकानं बघत होतो. मग वरून मीच कव्हर चढवलं.

आधी कोरड्या ब्रशनं घासलं. वरचा थर पडला, आत गेलेला तसाच. टाचणी घालू नये एवढं मला माहीत होतं, आतला पडदा फाटतो. संध्याकाळी बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदारानं फोन हातात घेतला न घेतला आणि म्हणाला, "अपडेट मारा सर, सगळं नीट होतंय." मी म्हटलं, अपडेटनं कुंकू निघत नाही. मग म्हणाला, सगळं पुसून फोन नव्यासारखा करू. मी म्हटलं, फोटो जातील, आणि कुंकू तिथंच राहील. मग म्हणाला, "खरं सांगू का सर, तुम्ही मुळातच लई हळू बोलता."

मी तिथं कसा शांत उभा राहिलो मला माहीत नाही. शेवटी मीच सांगितलं की खालची चार्जिंगची पट्टी बदला, माइक तिच्यावरच असतो. त्यानं ती मागवली. ती येईपर्यंत मी रोज त्याचं 'उद्या आणतो' ऐकत दुकानाच्या पायरीवर जात राहिलो. तेवढ्या दिवसांत मायला फोन केला नाही. स्पीकरवर करता आला असता. पण मला तिला अर्धवट काही दाखवायचं नव्हतं. आवाज असा जायला हवा होता की तिनं मोठ्या सरांकडं जाऊन सांगावं, मी कुठं जात नाही.

पट्टी बसली. दुकानातूनच बाईंना फोन करून तपासलं. खोलीवर आलो, चहा टाकला, फोन लावला. नेहमीसारखा, हळू, म्हटलं, "माय, कशी आहेस?"

मग ती म्हणाली, "आरं, कामून वरडायलास?"

"माय, मी वरडत नाही."

"आक्कानं सांगितलं वाटतं तुला. मला म्हाईतच हुतं ती सांगणार. वरडू नको बाबा, घसा धरल. रोज पोरांत बोलायचं असतंय."

"माय, मी हळूच बोलतोय! फोन खराब होता माझा. आता दुरुस्त केलाय."

"व्हय, व्हय. असू दे."

"तुझे कान चांगलेत."

"लेकानं असंच म्हणावं," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. बहिऱ्या आईसाठी लेक घसा ताणून बोलतोय आणि वर फोनच खराब होता असं सांगून तिचं मन ठेवतोय. तिच्या हिशेबात हे इतकं चपखल बसलं होतं की मी जितकं जास्त स्पष्ट बोलीन तितके तिचे कान जास्त गेलेले ठरणार होते. मी हळू बोललो तर ऐकू येत नाही म्हणून कान गेले, नीट ऐकू आलं तर मी वरडतोय म्हणून कान गेले. चीड कुणावर काढावी तेच समजेना. मी चहा सांडून टाकला.

रविवारी पहाटेची गाडी धरली. बार्शीला उभा, धाराशिवला ताटकळलो, लोहाऱ्याच्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही. संक्रांत तोंडावर आलेली. माकणीला पोचलो तेव्हा माय अंगणात तीळ निवडत बसली होती. मला बघून उठली, आणि बघते तर परत माझ्या तोंडाकडं.

मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्याकडं पाठ केली. भिंतीकडं तोंड करून साध्या आवाजात म्हटलं, "माय, पाणी दे प्यायला."

"आणते की. तिकडं तोंड करून कुणाला सांगायलास?"

"बघ, आलं ना ऐकू? ओठ दिसले का तुला?"

"आल्या आल्या माणूस पाणीच मागतंय," ती म्हणाली. "त्यात ऐकायचं काय?"

या बाईनं आयुष्यभर शाळेत मास्तरांच्या हाताखाली काम केलंय, माझ्यापेक्षा तिला परीक्षा चांगली कळते. मग मी फोन काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर पाठवलेला तो निरोप शोधून लावला. गोधडीतला आवाज अंगणात घुमला.

माय दचकली. "हेच," ती म्हणाली. "असंच यायचं तुझं. असंच येतंय बघ मला."

"मलाही असंच यायलंय, माय."

तिनं फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुला?"

"मला. आणि माझ्या शाळेतल्या सगळ्यांना."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, हे मला दिसत होतं. ती उठून कुंपणापाशी गेली आणि तिनं शेजारच्या काकूंना हाक मारली. काकू हातातलं काम टाकून आल्या.

"हे ऐक," माय म्हणाली. "काही सांगू नको रे तिला. लाव."

मी लावलं. काकूंनी मान वाकडी करून ऐकलं. "काय गं हे? कुणाचं नरडं दाबायलेत?"

"तुला काय कळलं?"

"कायबी न्हाय बाई. माणूस हाय का रेडा, तेबी कळंना."

माय खाली बसली. तिळाचं सूप तिनं मांडीवर घेतलं आणि परत खाली ठेवलं. मला वाटलं आता रडेल. तिनं वर बघितलं तेव्हा तिचे डोळे कोरडे होते, आणि त्यात असा राग होता की माझ्या लहानपणानंतर मी तो बघितला नव्हता.

"मग मला माळवदावर कामून चढवलंस?"

"माय..."

"ह्या वयात शिडीवर? काकूनं शिडी धरली हुती खालनं. सिम बदलायला लावलंस, पोरीचा नंबर घालवलास. नवा फोन आणलास. चांगला जुना फोन पेटीत टाकला म्या. म्या बघ, म्या मोठ्या सरांच्या म्होरं जाऊन उभी र्‍हायले, म्हणले सर मला ऐकू येत न्हाय. सर म्हणले, मावशी, माझं येतंय का? म्हणले तुमचं येतंय, माझ्या लेकाचं येत न्हाय. त्यांला काय वाटलं असंल?"

काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. मायला ते दिसलं आणि तीही हसली असती, पण तिनं ते आवरलं.

"झालं काय हुतं तुझ्या फोनला?"

मी तिच्या अंगठ्याकडं बघितलं. बोटांना तिळाची धूळ लागलेली.

"कचरा अडकला होता. बोलायच्या भोकात."

"कसला कचरा?"

"असाच. धूळ."

"धूळ," ती काकूंकडं वळून म्हणाली. "ऐकलंस? कॉलेज शिकला, पोरांला सायन्स शिकवतूय, अन् सोताचा फोन पुसून ठिवता येईना."

काही तरी बोलावं असं फार वाटलं. हळदकुंकवाचं सांगितलं असतं तर ते खरंच होतं. पण सांगितलं असतं तर तिनं उद्या शाळेत जाऊन काय सांगितलं असतं? की माझ्याच हातानं लेकाचा फोन बिघडवला, आता माझ्या हाताचा भरवसा नाही? आताच कुठं कानांची सुटका झाली होती. मी धूळच राहू दिली.

सोमवारी मी अर्ज टाकून थांबलो आणि तिच्याबरोबर शाळेत गेलो. परिपाठ संपला होता. मोठे सर वऱ्हांड्यात उभे होते. मी लहान असताना हे सर इथं नव्हते, पण मला ओळखतात, कारण माय त्यांना माझ्याबद्दल रोज सांगते.

"काय मावशी? संक्रांतीपर्यंत म्हणला होता. आम्ही दुसऱ्या बाईशी बोलून ठेवलंय."

"येऊ द्या की. पोरं वाढलीत, दोघी करू," माय म्हणाली. "म्या कुठं जात न्हाय. माझ्या कानाला काय झालेलं न्हाय."

"मग काय झालं होतं?"

"ह्याच्या फोनात माती हुती." तिनं माझ्याकडं बोट केलं. शाळेच्या वऱ्हांड्यात, मुलांच्या देखत, एका मास्तरानं दुसऱ्या मास्तराकडं बघितलं.

"सर," ते मला म्हणाले, अगदी आपुलकीनं, "फोनला एक मऊ फडकं ठेवत जा. रोज रात्री पुसायचा. मी पुसतो."

"हो सर," मी म्हणालो.

"कव्हर काढून पुसायचा."

"हो सर."

तोपर्यंत माय आत गेली होती. तिनं पदर खोचला, तांदळाची पाटी पुढं ओढली आणि आतूनच मला म्हणाली, तू आता गाडी बघ, इथली गाडी चुकली तर धाराशिवला अडकशील. मी निघालो. शाळेच्या फाटकापर्यंत मला तिचं बोलणं ऐकू येत होतं. ती शाळेच्या शिपाई मावशीला फोनचं छिद्र नेमकं कुठं असतं ते सांगत होती, आणि शिकलेल्या माणसालाही ते ठाऊक नसतं, हेही सांगत होती.